तेर्साच्या वेळचा फोन

प्रिय स्टॅनली,

बोटीवर कामाला निघताना तळेऱ्याच्या स्टँडवर तू बजावलंस, "अँजेला, रोजचो तेर्स चुकवू नको गो."

चुकवत नाही रे. सात वाजता मेणबत्ती लावते, तेर्साची प्रार्थना म्हणायला जपमाळ घेऊन घरातल्या अल्तारासमोर गुडघे टेकते. पण कान मोबाईलकडे असतात, कारण तुझी ड्युटी तेव्हाच सुटते. तो वाजला की "नमो मरिये" अर्ध्यावर टाकून धावते.

तू विचारतोस, "तेर्स झालो?" मी म्हणते, "झालो." मागे मेणबत्ती जळतच असते. परत येते तेव्हा कितव्या मण्यावर होते, ते आठवत नाही.

रविवारी फादरांपुढे हे खोटं कबूल करीन. तुला मात्र हे पत्र पाठवणार नाही. कळलं, तर तू सात वाजता फोन करणार नाहीस.

तुझी वाट बघणारी,
अँजेला