पैठण रोडवरची पारडी

शेवगाव,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजूताई,

नमस्कार. दाजी, सासूबाई, सगळे बरे असतील. इकडे मी मजेत आहे. पत्र बघून घाबरू नकोस, बातमी चांगली आहे. फोनवर मी मधेच काहीतरी खोटं बोलून मोकळा होतो, म्हणून लिहायला बसलो.

ताई, काल माझ्या हातावर एक पारडी जन्मली!

सकाळी आठला नगरपरिषदेत फोन आला, पैठण रोडवर ट्रकनं म्हैस उडवली, उचलून न्या. मी आणि माझ्या जोडीला काम करणारा परवेझ गाडी घेऊन गेलो. म्हशीची मालकीण भागूबाई तिच्या डोक्याशी बसली होती. दोरी बांधायला परवेझ वाकला आणि तसाच थांबला. म्हणाला, "भागवत, हिचा श्वास चालू आहे. पोटातही हलतंय."

"दिवस भरलेत तिचे," भागूबाई म्हणाली.

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर मोनिका मॅडम दहा मिनिटांत स्कूटीवर हजर. म्हशीची मान मोडलेली, ती वाचणार नव्हती. मॅडमनी भूल दिली, आम्हाला पाय धरायला सांगितले आणि तिथंच रस्त्याच्या कडेला पोट उघडलं. पारडू बाहेर आलं ते निपचित. मी शर्ट काढून त्याचं नाकतोंड पुसलं, परवेझनं मागचे पाय धरून उलटं टांगलं, मॅडम नाकात गवताची काडी फिरवत राहिल्या. किती वेळ गेला देव जाणे. मग पारडी शिंकली, ती थेट माझ्या तोंडावर. थांबलेली माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी उघडाच हसत होतो.

म्हैस मात्र गेली. तिला आम्ही कचरा डेपोमागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरलं. भागूबाई हळदकुंकू घेऊन सोबत आली. परत घरी सोडताना तिनं विचारलं, "कोनाचा रं तू? काय करतो?"

"मेलेली जनावरं उचलतो, मावशी. तेच काम हाय माझं."

तिनं मला आत नेलं, घरातल्या कपात चहा दिला. म्हणाली, पारडीचं नाव तूच ठेव. मी राजी ठेवलं. रागावू नकोस.

ताई, मी पाण्याचा टँकर चालवत नाही. दोन वर्षं झाली, हेच करतो. भाऊबीजेला मी सांगितलं तशी गाडी बंद पडली नव्हती. मी सावेडीपर्यंत आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हात हुंगून बघितले. आदल्या दिवशी एक बैल आणि तीन कुत्री उचलली होती. वाटलं, तू ओवाळायला बसशील आणि सासूबाईंना वास येईल. तुझी साडी पिशवीत तशीच घेऊन माघारी फिरलो.

रविवारी येतोय. त्याआधी हे पत्र दाजींना आणि सासूबाईंना वाचून दाखव, सगळं, काही न गाळता. त्यांना नको असेल तर तू फाटकापाशी ये, मी तिथूनच तुला बघून जाईन. पण खोटं सांगून तुझ्या पाटावर आता माझ्यानं बसवणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
भागवत
मृत जनावरांची गाडी, नगरपरिषद, शेवगाव