आठवी जागा

तळवली,
६ जानेवारी २०२५

ती. दिपेशदादास,
तेजसचा सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे थंडीने धरलेत. तुरुंगात पांघरूण पुरतं का, असं तिने विचारलंय. खरं लिही, तुझं पत्र ती माझ्याकडून दोनदा वाचून घेते.

बास्केटबॉल लीगमधून एक कॉलेज बाहेर पडलंय. आठव्या जागेसाठी दोन अर्ज आलेत, कामोठ्याचा आणि दिघ्याचा. होय, कृष्णातचंच कॉलेज. गेली फायनल बघायला तो आला आणि तू सळईने त्याचा गुडघा फोडून आत गेलास, तेव्हापासून लीगने नियम केलाय: नव्या कॉलेजने आधी आपल्या मैदानावर एक सामना खेळवायचा. पाहुण्यांच्या अंगाला यजमानांचा हात लागला, तर जागा गेली. कामोठ्याचा सामना नीट पार पडला. आता दिघ्याला आपलं कॉलेज जाणार, आणि गुण लिहायला लीगच्या अय्युब सरांनी मला बोलावलंय. मी म्हटलं की मी एस.वाय.ला कॉलेज सोडलेला, त्यात तुझा भाऊ. ते म्हणाले की फाऊल मोजताना तू कुणाचा भाऊ नसतोस. मी जे सांगेन त्यावर कमिटी निवड करणार आहे. दिघ्याची पोरं मला बघून काय करतील, याची भीती वाटते.

काय करू ते कळव. जीव लावतोस, तसाच लावत राहा.
तुझा,
तेजस

१३ जानेवारी

चि. तेजस,
अ. उ. आ.

हे पत्र कोर्टाच्या तारखेला आपल्या कान्हाच्या हातात देतोय, म्हणून मोकळं लिहितो. आईला सांग, पांघरूण पुरतं. डासच एवढे हायेत की थंडी आत शिरत नाय.

टेन्शन घेऊ नको. तू गणपतीत फटाक्यांनाही कान झाकून लांब उभा राहायचास. तसाच उभा राहा. कान्हा संघात हायेच. तो त्यांच्या एकाला असा कोपर मारेल की पोरं उसळलीच पाहिजेत. त्यांनी एक फटका मारला की दिघा बाहेर, कामोठे आत. वकील म्हणतो, ती पोरं मारकुटी हायेत असं दिसलं तर माझा जामीन सोपा. तुला हात उचलायचा नाय. सुरुवात कुणी केली, तेवढं तुला दिसलं नाय.

कान्हाला मी मोकळीक दिली हाय. मध्ये येईल त्याला आडवा कर म्हटलंय. मी घरी येणं तुझ्या हातात हाय, भावा.

आईला जप.
दिपेश

तळवली,
२१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट आल्यामुळे पत्र तीनदा फाडलं. आता आहे तसं पाठवतो.

कान्हाने सांगितल्याप्रमाणे केलं. रिबाउंडला उडी मारून त्याने त्यांच्या सेंटरच्या तोंडावर कोपर हाणला. पोराचे दात ओठातून बाहेर आले. तो सिमेंटवर पडून रक्त थुंकत होता. दिघ्याची पोरं धावली, पण कृष्णात बाकावरून ओरडला की हात मागे बांधा. आणि त्यांनी खरंच हात पाठीमागे धरले, दादा. कान्हाने एकेकाच्या कानाखाली मारलं, पोटात गुडघे घातले, आईवरून शिव्या दिल्या. एक पोरगा रडत होता, पण त्याचेही हात मागेच होते.

मग कान्हाने लोखंडी खुर्ची उचलली आणि कृष्णातच्या चांगल्या गुडघ्याकडे वळला. मी टेबलावरून कसा उठलो, मला आठवत नाही. खुर्ची माझ्या मनगटावर बसली. दोन्ही हाडं मोडली, एक कातडीबाहेर आलं. ते बघून मला उलटी झाली.

तेवढ्यात पोरांना मारल्याचं ऐकून दिघ्याची, कंपनीतून सुटलेली माणसं दांडकी घेऊन आली. कृष्णातने लंगडत आपल्या पोरांचं कडं केलं आणि आम्हाला, कान्हालाही, बसपर्यंत नेलं. दांडकी त्यांच्याच पाठीवर पडली. आमच्यातल्या कुणालाही ओरखडा नाही. माझा हात आपल्याच माणसाने मोडला.

कमिटीत काहीजण म्हणाले की एवढं रक्त सांडलं, कामोठेच घ्या. मग मला विचारलं. मी सांगितलं, सुरुवात कान्हाने केली. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं. दिघ्याला जागा मिळाली. पोलिसांनीही माझा जबाब घेतला. वकील म्हणाले, आता जामीन अवघड. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण भात तीच भरवते.

तुला राग येईल. आला तरी पत्र लिही.
तेजस

३ फेब्रुवारी

चि. तेजस,
आशीर्वाद.

हे माझ्या बराकीतला एक माणूस लिहितोय. मी सांगतो तसंच लिहितोय.

तुझं पत्र वाचून पहिल्या दिवशी ठरवलं होतं की बाहेर आलो की तुझा दुसरा हात मी मोडणार. दुसऱ्या दिवशी कान्हा जामिनावर सुटून भेटायला आला. जाळीपलीकडून हसत म्हणाला, तुझा येडा भाऊ मध्ये आला, हाड कसं काकडीसारखं वाजलं. मी जाळीवर बुक्के मारत सुटलो. त्याचा गळा हातात येईना. शिपायांनी ओढून काढलं तोवर माझी बोटं मोडली होती.

मध्ये येईल त्याला आडवा कर, हे मीच सांगितलेलं. तुझं नाव वगळायचं सुचलंच नाय रे.

पण कान्हाला मी सोडणार नाय. त्याच सळईने त्याचे दोन्ही हात मोडीन, कोपरापासून. तुझ्या हाताची शपथ.

आईने भरवलेलं पोटभर खा.
दिपेश

तळवली,
१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हाताला प्लास्टर आहे. बोटं हलतात. तुझी बोटं डॉक्टरला दाखव, वाकडी जुळू देऊ नकोस.

माझ्या हाताची शपथ मागे घे. हात माझा आहे. तू कान्हाला हात लावलास, तर कोर्टात तुझ्याविरुद्ध पहिला साक्षीदार मी असेन. हे मी आईला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली की पाकीट चिकटव आणि टाक.

तू घरी यावास म्हणून ती रोज दिवा लावते. मीही तिथेच उभा असतो.
तुझा धाकटा,
तेजस