पानं नसलेली आमरी

गुरुजी, तुमच्या ओल्या बोटांचा आवाज अजून कानात आहे. कवितेची अर्धी ओळ म्हणायची, तांब्यात बोटं बुडवायची आणि खिडकीत टांगलेल्या आंब्याच्या फांदीवर झटकायची, फट्! मग उरलेली ओळ आम्ही म्हणायची. अमळनेरच्या त्या वर्गात एकदा मागून कोणीतरी विचारलं, "गुरुजी, सुकेल काडीले पानी कसाले देतस?" मी शहाणपणानं म्हणालो, "बांडगूळ आहे ते." तुम्ही असं पाहिलंत, की बाकाखाली जावंसं वाटलं. "बांडगूळ झाडाचा रस पितं. ही आमरी आहे, ऑर्किड. हिला आंब्याकडून फक्त बसायला जागा हवी." सालीला चिकटलेली राखाडी मुळं पाण्यानं हळूहळू हिरवी होत होती. पानं नाहीत, म्हणून ही मुळंच उन्हात अन्न करतात, असं तुम्ही सांगितलंत, आणि मला तीच त्या तासाची कविता वाटली.

आता माझ्याकडेही तशी फांदी आहे. गेल्या पावसाळ्यात पाल गावच्या जंगलातल्या रस्त्यावर वादळानं पडलेली सापडली. जळगावच्या उन्हाळ्यात तिला जपणं सोपं नाही. गॅलरीत सावलीला टांगलीय. सकाळी भिजवतो, मग मुळं कोरडी होऊ देतो, नाहीतर कुजतात.

आज तिला फूल आलंय. करंगळीच्या नखाएवढं, पिवळसर. उद्यापर्यंत टिकलं तर टिकलं. पुण्याला मुलाला फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला. बायको गेल्यापासून या घरात "अगं, बघ तरी" म्हणायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हीही गेलात, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते विचारू नका.

एक मात्र सांगून टाकतो. खालच्या मजल्यावरच्या अक्का अंगणात बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालतात. माझं पाणी ठिबकून सगळ्या भिजल्या की खालूनच ओरडतात, "भाऊ, मन्या बिबड्या भिजन्यात ना बठ्ठ्या!" दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच एक आवाज. आज मी मुद्दाम तांब्याभर पाणी जास्त ओतलं. कान देऊन बसलो. अक्का ओरडल्याच नाहीत.

आणि आत्ता दार वाजलं. पेन उघडंच टाकून उठलो. गुडघ्यांपायी कधी जिना न चढणाऱ्या अक्का दारात, हातात ओली बिबडी, धाप लागलेली.

"भांडन मंग करसू, भाऊ. पहिले बसाले जागा द्या."