मागची गाडी

प्रिय नेकबख्त,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे काहीच बदललेलं नाही. तू फोनवर तिच्याशी हसत बोलत असतेस, मी खोलीत पाऊल टाकलं की पलीकडून "बरं, ठेवते" ऐकू येतं. तीन वर्षांत ते "ठेवते" मला पाठ झालंय. म्हणून बाबाचा हा कागद, मॉस्कोला निघालेल्या शेजाऱ्याच्या हातून पाठवतोय. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

या हंगामातली पहिली टोळी दुशान्बेच्या सायकलवाल्यांची आली. सहाजण होते. खोरोगहून निघून आपल्या मुर्गाबवरून आकबैतालची खिंड ओलांडायची आणि काराकूलच्या तळ्यावर थांबायचं. माझं काम नेहमीचंच, सामान, पाणी आणि चूल गाडीत घालून सगळ्यांच्या मागे राहायचं. करारही नेहमीचाच: ज्याला झेपत नाही त्यानं हात वर करायचा, मग मी जाऊन त्याला गाडीत घ्यायचं. हात वर नाही, तर मी मागेच. टोळीचा म्होरक्या फिरूज पहिल्याच दिवशी म्हणाला, "कदमशो अका, मोठे भाऊ तुम्ही, तुमचं बरं आहे, आम्ही घाम गाळायचा आणि तुम्ही चहा ढोसत मागून यायचं!" मी म्हटलं, "बाबा रे, तुम्ही दमलात तर उतरून ढकलता. माझी ही म्हातारी दमली तर तिला कोण ढकलणार?"

त्या सहांत मुनव्वर आपा होत्या. वय त्रेसष्ट, भूगोलाच्या निवृत्त बाई. सायकल जुनी, हँडलला बांधलेली कापडी पिशवी त्याहून जुनी. चालीला सगळ्यांत सावकाश, पण जिभेला कुणी गाठू शकत नव्हतं. फिरूज पुढे पळाला की मागून ओरडायच्या, "पळ, पळ, डोंगर कुठे जात नाहीत, तूच दमशील!" संध्याकाळी पोरांसोरांना गोळा करून नद्यांची नावं विचारायच्या आणि चुकणाऱ्याला भांडी घासायला लावायच्या. मी दोनदा घासली.

खिंडीच्या दिवशी वारा समोरून होता. पाचजण पुढे निघून गेले. माथा तीन किलोमीटरवर राहिला असताना आपा एका तांबड्या दगडावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या दिसल्या. हात वर नव्हता. पण तुला आपली रीत माहीत आहे. या रस्त्यावर बसलेल्या माणसाला मागे टाकून गाडी पुढे नेली तर तुझे आजोबा कबरीतून उठून माझा कान धरतील. मी उतरलो. ओठ पाहिले, निळे नव्हते, धाप मात्र जबर होती. "चला आपा," म्हणत त्यांना उचलून आत बसवलं, घोंगडी टाकली, सायकल मागे चढवली. नको म्हणायची शक्ती त्यांच्यात नसावी, किंवा मी ऐकायला थांबलो नाही. दहा मिनिटांत आम्ही माथ्यावर होतो.

तिथे त्यांनी डोळे उघडले, खिंडीची पाटी पाहिली, मग मागे वळून आपली सायकल पाहिली. मी आभाराची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "कदमशो, मी हात वर केला होता का?" मी म्हटलं, "नाही, पण तुमची अवस्था…" "मी श्वास घेत बसले होते. पस्तीस वर्षं मुलांना नकाशावर ही खिंड दाखवली. तुम्ही मला खिंडीवर आणलंत आणि माझी खिंड नेलीत." नेकी, त्यांचे डोळे भरले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग हट्ट धरला, मला परत त्याच दगडापाशी सोडा. माथ्यावर वाट बघत थांबलेला फिरूज वैतागला. "आपा, दुपारनंतर वारा वाढतो. कोण बघतंय इथे? फोटो काढा आणि चला!" आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मी बघतेय ना."

असंच उत्तर मी एकदा ऐकलं होतं. कुणाकडून, ते तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या वेळी मी फौजेतल्या जुन्या दोस्ताकडे दुशान्बेला दोन मेंढे पोचवले, एक शब्द टाकला आणि तुझं नाव यादीत आलं. वर्षभरानं त्याची भाची सगळ्यांदेखत तुला "मेंढ्यांवर बसून आलेली डॉक्टर" म्हणाली. तू घरी आलीस, पुस्तकं खाली ठेवलीस. मी म्हटलं होतं, "चार दिवस हसतील, पुढे कोणाला आठवणार आहे?" आणि तू म्हणालीस, "मला आठवेल ना, बाबा." दुसऱ्या आठवड्यात तू मॉस्कोच्या बेकरीत होतीस. तू आपल्या जोरावर पास झाली असतीस की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. तुलासुद्धा नाही. तेच मी तुझ्याकडून नेलं, आणि तीन वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो की पोरीला मदत केली तर पोरगी उलटली.

मी आपांना दगडापाशी परत सोडलं. त्यांनी बसून माझा खारा दुधाचा चहा दोन वाट्या प्यायला, भाकर खाल्ली आणि निघाल्या. तीन किलोमीटरला दोन तास वीस मिनिटं लागली. चढ फारच उभा आला की उतरून ढकलायच्या. मी खिडकीतून विचारलं, "ढकललेलं चालतं का?" तर म्हणाल्या, "पाय माझेच आहेत ना? तुम्ही मागे व्हा." दोनदा वाऱ्यानं त्यांना आडवं पाडलं. दोन्ही वेळा माझा हात दाराच्या कडीवर गेला आणि दोन्ही वेळा मी तो मांडीखाली दाबून बसलो. एकतीस वर्षं या रस्त्यावर गाडी हाकतोय, इतकं अवघड काम कधी केलं नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर त्या पाटीला टेकून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "आता आणा चहा, आता हक्काचा!" मी चहा ओतला तो अर्धा सांडला.

आता खरं कारण सांगतो. आईनं टोळी यायच्या आधीच मला सांगितलं होतं की तू परत येऊन पुढच्या महिन्यात तीच परीक्षा पुन्हा देणार आहेस, आणि मला कळू द्यायचं नाही अशी शपथ तू तिला घातली आहेस. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. बातमी ऐकून मी पहिलं काय केलं असेल? गोठ्यात जाऊन दोन मेंढे हेरले. जित्याची खोड. टोळी काराकूलहून परत आणली की मेंढे घेऊन तसाच दुशान्बेला जाणार होतो. त्यातला एक मेंढा परतीच्या वाटेवर सायकलवाल्यांनी आपल्या अंगणात खाल्ला, आपांनी हाडंसुद्धा सोडली नाहीत. दुसरा परवा कळपाबरोबर उन्हाळी कुरणावर पाठवला, तो आता शरदाशिवाय उतरत नाही. दोस्ताला फोन केलेला नाही आणि करणार नाही. परीक्षेच्या दिवशी मी मुर्गाबमध्येच असेन, गाडी दाराशी, टाकी भरलेली. पास झालीस, नापास झालीस, जे काय असेल ते तुझं असेल. वाटेत बसलीस तरी मी येणार नाही, पोरी, कितीही जीव तुटला तरी. फक्त तू हात वर केलास तर.

तुझाच,
मागच्या गाडीतला बाबा