रस्त्यापलीकडची पत्रपेटी

ताई,

तू घर सोडून गेलीस त्याला चार वर्षं झाली, आणि आता मलाही चक्कर येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड कमी काम करतंय. शिवाय चक्कर येईल या धास्तीनेही ती येते. तुझंही अगदी हेच होतं ना?

सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि चहासाठी अर्धा तास घड्याळाकडे बघत बसते. "तुझ्या चहालासुद्धा मुहूर्त लागतो," असं मी तुला हिणवायचे. तू भिंत धरून चाललीस की ओरडायचे, "नवा रंग दिलाय, हात काढ!" आता त्याच भिंतीवर माझ्या हातांचे डाग पडलेत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी तू म्हणालीस, "मला जरा रस्त्यापलीकडे सोड गं, पत्र टाकायचंय." मी शिलाई मशीनवरून मानही वर केली नाही. "पुरे तुझी नाटकं," म्हणाले. तू दारातूनच मागे फिरलीस, आणि आठवड्याभरात मावशीबरोबर निघून गेलीस.

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन मशीनच्या खणात आहेत. पेटी अजून पलीकडेच आहे गं, आणि मला तिथवर सोडायला घरात कुणी नाही.

तुझी,
धाकटी