गोणपाटातला शाफ्ट

३ ऑक्टोबर, राजूर

लिहायचं टाळत आलो. वही शिर्डीहून आणली, पिशवीच्या तळाला घातली, वर कपडे. रोज म्हणायचो उद्या. आधी पेन नव्हतं. मग पेन मिळालं तर मोबाईलला चार्जिंग नाही. मोबाईलचा आणि वहीचा काय संबंध, पण असंच. आज लिहितो, कारण काळूदादाची पिकअप परत गॅरेजला आलीय. ती आता येणार नाही असं धरून चाललो होतो.

एकदाच लिहून टाकतो. गणपतीत मिस्तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला, गॅरेज माझ्या जिवावर. काळूदादा (यापुढं का.दा.) आला. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला वाडी त्याची, धरणावर तंबूतल्या पाहुण्यांचं सामान वाहतो, एरवी वाडीचं सगळं. गाडी फोर व्हील, म्हणजे लागेल तेव्हा चारी चाकांना ताकद. उन्हाळ्यात चार इंच उचलून घेतलेली, वाटेतले दगड पोटाला लागू नयेत म्हणून. तक्रार एकच: साठच्या पुढं गेलं की पुढून थरथर. पायाखालच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं.

मला वाटलं पुढचा शाफ्ट. पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे पुढच्या चाकांना, ताकद नेणारा दांडा. गाडी उचलली की त्याचा कोन बिघडतो. तपासायची रीत सोपी. तो काढायचा, गाडी पळवायची, थरथर गेली तर दोष त्याचा. काढला. गोणपाटात गुंडाळून भिंतीला लावला. पळवायला नेली ती खड्ड्यांच्या रस्त्याला. काटा पन्नासच्या वर गेलाच नाही. थरथर सुरूच होते साठला. तरी म्हणालो, गेली.

तेवढ्यात बंड्याचा फोन. शिर्डीत त्याचं फुलांचं दुकान, दोन दिवस माणूस पाहिजे. का.दा.ला पाहुण्यांची घाई. किल्ली दिली, म्हणालो, सवडीनं या, सांध्यातला क्रॉस नवीन घालून देतो. शाफ्ट काढलाय, आता फोर व्हील चालणार नाही, हे म्हणालो नाही. लपवलं नाही. फोन कानाला होता.

दोन दिवसांचे पंधरा झाले.

४ ऑक्टोबर

काल हात थांबला. पुढचं.

मी शिर्डीत हार ओवत होतो तेव्हा का.दा. सिमेंटच्या गोण्या घेऊन वाडीचा चढ चढत होता. तांबडी माती, वर पाऊस. मागं त्याचा दाजी, पांडू, धाकट्या बहिणीचा नवरा. चाकं जागेवर फिरायला लागली, गाडी मागं सरकली. पांडूनं उडी मारली, चाकामागं दगड लावायला. दगडाआधी पाय सापडला. नाशिकला गुडघ्याखाली काढला.

हे मला परत आल्यावर चहाच्या टपरीवर कळलं. चहा पूर्ण प्यालो. हेही लिहून ठेवतो.

काल का.दा. आला तो शेजारच्या सीटवर बसून. गाडी दुसऱ्यानं आणली. मिस्तरींनी विचारलं, "तू का न्हाई चालवत?"

"सोडली. विकायचीय. गिऱ्हाइकानं सत्तरला पळवली, म्हनला पुढून हादरती. तेवढं काढून द्या."

म्हणजे थरथर कधी गेलीच नव्हती. वाडीच्या वाटेवर चाळिसाच्या पुढं कोण जातंय, म्हणून कळलं नाही इतकंच.

मग तो बाकावर बसून बोलत राहिला. माझ्याकडं बघून नाही, मिस्तरींकडं बघून. पांडू शुद्धीवर आल्यापासून एकच म्हणतो, मी खाली उतरलो तवा बघितलं, पुढची चाकं फिरत न्हवती, तू चारात (फोर व्हीलमध्ये) टाकलीच न्हाई. का.दा. म्हणतो टाकली हुती, समोर फोर व्हीलचा दिवा लागला हुता. बहीण, हिरा, भावाला म्हणाली, पाय गेलाय त्याचा, खोटं कशाला बोलंल. बोलणं बंद.

दोघं खरं बोलतायत. दिवा लागतो. सीटजवळचा गिअरचा दांडा चारात टाकला की दिवा लागणारच, पुढं शाफ्ट असो नसो. चाकं फिरत नाहीत.

हे या जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो काल पान्हे पुसत होता. आधीच पुसलेले.

५ ऑक्टोबर

का.दा. बाकावर बसून बोलला त्यातलं राहिलेलं. दसऱ्याला वाडीतली माणसं देवळात बसली. पंच म्हणाले, वाद कशाला, काळूनं बेलभंडार उचलावा. उचलून म्हणावं चारात टाकली हुती, विषय संपला. का.दा.नं हात पुढं केला. आणि मागं घेतला.

"लई येळा आठवून बघितलं, मिस्तरी. दिवा लागल्याला दिसतो. पन दाजीचा पाय बी दिसतो. त्याच्या पायापरीस माझा दिवा खरा कसा? खोटा भंडार कोन उचलंल."

खोटारडा असता तर झटक्यात उचलला असता. वाडीनं उलटं धरलं. हात मागं घेतला, म्हणजे कबूल.

माझा आज्जा कोल्हारला देवळाच्या पायरीवर असे निवाडे बघायला बसायचा. म्हणायचा, भंडाराला रंग असतो, तो बोटाचा तीन दिवस जात नाही. भरकटलो.

६ ऑक्टोबर

मिस्तरी दुपारी डोळ्यात थेंब घालायला घरी जातात. अर्धा तास. गोणपाट सोडलं. आठ बोल्ट. गाडीखाली सगळीकडं वाळलेला तांबडा चिखल, तोंडावर पडत होता. शाफ्ट बसला. सरळ बसला, काही कुरकुर नाही.

कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालले. सांगायचं असतं तर आधी बसवला नसता, हे बसवून झाल्यावर कळलं.

गोणपाट रिकामं. घडी घालून बाहेर बाकाखाली टाकलं.

९ ऑक्टोबर

मिस्तरींनी अकोले रस्त्याला नेली. चांगला डांबरी पट्टा. बासष्टला सुरू, ऐंशीला कमी. पाय सोडला की जास्त. मग त्यांनी पळती गाडी चारात टाकली. थरथर गेली, कुणी हात ठेवल्यासारखी. परत दोनात, परत आली. तीनदा केलं.

"काय कळलं, पाहुणं?" मला ते पाहुणं म्हणतात, टिकत नाही म्हणून.

"दोष शाफ्टचा न्हाई."

"शाफ्ट असता तर चारात वाढली असती. चारात ताकद आली की आतला तुकडा जागेवर बसतो. दोनात मोकळा ऱ्हातो, नाचतो. डिफरन्शियलमधून डाव्या चाकाला जातो त्या तुकड्याची बेरिंग गेलीय. गाडी उचलल्यानं तिरकी ओढ बसली तिच्यावर."

म्हणजे शाफ्ट काढायची गरजच नव्हती. कधीच. पाच मिनिटं चांगल्या रस्त्याला नेली असती, चारात टाकून बघितली असती, तर.

पांडूचा पाय.

गॅरेजला आल्यावर मिस्तरी खाली वाकले, बराच वेळ. "सगळ्याला चिखल हाय. ह्यालाच न्हाई." शाफ्ट.

"मी पुसला."

"बरं केलंस."

१३ ऑक्टोबर

उघडली. पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल राखेसारखं. बेरिंगच्या बारीक सुया निघाल्या, तीन मोडलेल्या, बाकीच्या एका अंगानं झिजून चपट्या. हाताच्या तळव्यावर घेऊन बघत बसलो. एवढ्याशा. बंड्याच्या दुकानात हार ओवायच्या सुया याहून मोठ्या.

नुसती तशीच बेरिंग घालायची नाही, परत जाईल, असं मिस्तरी म्हणाले. संगमनेरच्या लेथवाल्याकडून पितळी बुश, जाड नळकांडं, कातून आणला, बेरिंगच्या जागी ठोकला. नवीन सील. वर चार इंचाची उंची अडीचवर आणली आणि डिफरन्शियल ठोकळे घालून थोडं खाली घेतलं, म्हणजे चाकाकडं जाणारे दांडे सरळ होतात. शाफ्टचा कोन दोनदा मोजला. काम इतकं नीट मी जन्मात केलं नसेल.



१५ ऑक्टोबर

गाडी पळवली. नव्वदपर्यंत गेली, डॅशबोर्डवर ठेवलेला पाण्याचा ग्लास गप्प.

संध्याकाळी का.दा. आला. गाडीला हात लावून बघितला, आत बसला नाही. म्हणाला, "मिस्तरी, एक दाखवा. चारात टाकून दाखवा."

चारी चाकं स्टँडवर घेतली. मिस्तरी सीटवर. दांडा टाकला, दिवा लागला. का.दा. उकिडवा पुढच्या चाकासमोर बसला. चाक फिरलं. तो बघत राहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेही बघितलं.

"फिरत्यात," म्हणाला.

मिस्तरींनी इंजिन बंद केलं.

"म्हंजे मीच टाकली न्हवती. दाजी खरं बोलत हुते." गुडघ्यावर हात देऊन उठला. "आता हिराला जाऊन सांगतो. निदान कबूल केल्यालं बरं."

मी दोन पावलांवर होतो. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. त्यातून निघालं ते, "दादा, चहा?"

"नको रं पोरा. तू लई मेहनत घेतली."

१८ ऑक्टोबर

का.दा. बहिणीकडं जाऊन पाया पडून आला म्हणे. तिनं दार लावलं नाही, पण आत ये पण म्हणाली नाही. गाडी अजून इथंच, गिऱ्हाईक दिवाळीनंतर नेणार.

मिस्तरी सकाळी नट धुताना बोलले. वर न बघता. "डावा डोळा नवीन हाय माझा, पाहुणं. बोल्टवर पान्ह्याचे ताजे घाव हायेत. आन शाफ्टला चिखलाचा टिपूस न्हाई. तो चढावर न्हवता."

मी धुतलेले नट फडक्यानं पुसायला घेतले.

"मी इचारणार न्हाई. इचारलं तर तू सांगशील, आन मग मला वाडीला जावं लागंल. तू जा."

२० ऑक्टोबर

निघालो. वाडीच्या फाट्यावर उतरलो. तिथं पुण्याच्या दोघांची स्कूटर बंद, बाई घाबरलेली. प्लग काढला, साफ केला, पेट्रोलची नळी फुंकली. चालू झाली. त्यांनी बिस्किटं दिली. मग एका म्हाताऱ्याची गाय दरडीवर अडकलेली, ती उतरवायला हात दिला. मग चारची एस.टी. परत फिरताना दिसली आणि चढलो.

गाय खरंच अडकली होती. तरी.

२१ ऑक्टोबर

वाक्य तयार करतोय. "दादा, तुमी टाकली हुती." एवढं पुरे का? मग ते विचारतील, तुला कसं ठाऊक. मग पुढचं.

भंडार उचलायला गेलेला तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गॅरेज अर्धं बंद. मिस्तरींची बहीण आली होती, ओवाळून गेली, त्यांच्या कपाळावर कुंकू. म्हणाले, काळूच्या घरी आज पाट मांडला न्हाई.

पिशवी भरली. अकराच्या एस.टी.नं घोटी, तिथून नाशिक. तिथं कुठं ना कुठं ठेवून घेतील. नाशिकवरून पत्र लिहीन का.दा.ला, सगळं सविस्तर. बोलण्यापेक्षा मला लिहिलेलं जमतं. पत्ता मिस्तरींना विचारायचा राहिलाय.

एस.टी. आली, आवाज आला. उठलो, पिशवी खांद्याला. खिडकीतून बघतो तर ती थांबून राहिलीय, निघत नाही. कंडक्टर खाली उतरून कुणाला तरी हात देतोय. आधी दोन कुबड्या खाली आल्या, मग एक पाय.

पांडू. एकटा.

गाडी गेली. त्यानं रस्ता ओलांडायला बराच वेळ घेतला. मिस्तरी बाहेर गेले, त्याला बाकावर बसवलं. मी इथं आत आहे, खोक्यावर वही ठेवून लिहितोय. का लिहितोय माहीत नाही.

पांडूनं बाकाखालचं गोणपाट ओढलं आणि कुबड्या त्यावर ठेवल्या, घसरू नयेत म्हणून. पाणी मागितलं. मग पिकअपकडं बघत, आवाज न चढवता:

"काळू म्हनतो मीच चुकलो. पन त्यो चुकत न्हाई, मिस्तरी, पंधरा वरसं बघतोय त्याला. गाडी कुनी उघडली हुती त्येच्या आदी?"

मिस्तरी म्हणाले, "पानी आनायला सांगतो. तो आत हाय."