दाराला टेकलेली पाठ

ताईस,

तुझ्या सांगण्यावरून आपली जुनी खोली सुट्टीपुरती भाड्याने मिळते का, ते बघायला काल आईला घेऊन गेलो. सगळे पुन्हा एकत्र झोपू, पूर्वीसारखे, असं तू म्हणाली होतीस. खोली मिळतेय.

मी आईला म्हटलं, "बघ, इथं सातजण मावायचो. आता चार खोल्यांत तिघं मावत नाहीत."

आई उंबऱ्याबाहेरच थांबली. "मावायचात तुम्ही, शहाण्या! मी या दाराला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायचे. तुझे बाबा म्हणायचे, फुकटचा राखणदार मिळालाय." ती हसली, पण आत काही आली नाही.

तिच्या पाठीचा बाक आपण वयाचा समजत होतो गं.

इतकी वर्षं मी देवाकडे तेच दिवस परत मागत आलो. आज हात जोडले आणि मागायला काही सुचेना.

हे पत्र टाकणार नाही. भावजी गेल्यापासून तुला त्या खोलीचाच आधार आहे, तो मी कसा काढून घेऊ? खोली मिळाली नाही, एवढंच फोनवर सांगेन.

आई दुपारची झोपली आहे, पाय पसरून. तिचं पांघरूण सरकलंय, ते नीट करून येतो.

तुझा,
धाकटा